संशोधन केंद्र आहे, मग रोजगार कुठे आहे? बीडचं रेशीम, सीताफळ आणि कोयता काय सांगतात

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या आणि तांडे रिकामे व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे उसाच्या फडाजवळची पालाची झोपडी. दरवर्षी अशा जाणाऱ्यांची संख्या लाखांत असते.

ज्या धारूरमधून ही माणसं बाहेर पडतात, त्याच धारूरच्या डोंगरातल्या सीताफळाला २०१६ मध्ये ‘बीडचं सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या अंबाजोगाईत सीताफळावर संशोधन करणारं सरकारी केंद्र आहे. जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कृषी विद्यापीठ शेजारच्याच परभणी जिल्ह्यात आहे.

मग प्रश्न असा की, संशोधन संस्था जवळ असल्यानं एखाद्या भागाची आर्थिक स्थिती खरंच सुधारते का? सुधारत असेल, तर कोणत्या परिस्थितीत? बीडमध्ये याची तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात.

बीडमध्ये संशोधनाच्या कोणत्या संस्था आहेत?

सगळ्यांत मोठी संस्था जिल्ह्याबाहेर आहे, ती म्हणजे परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ रोजी हे विद्यापीठ स्थापन झालं. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी मराठवाड्याची जबाबदारी परभणीकडे आहे. अंबाजोगाईचं सीताफळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं.

दुसरा थर कृषी विज्ञान केंद्रांचा. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुद्दुचेरीत सुरू झालं. विद्यापीठात तयार झालेलं तंत्र आपल्या जिल्ह्यात चालतं का, हे शेतकऱ्याच्या रानात तपासून पाहायचं आणि लोकांना शिकवायचं, हे या केंद्रांचं काम. बीडमध्ये अंबाजोगाईचं केंद्र दीनदयाल शोध संस्थान चालवतं, तर गेवराई तालुक्यातलं खामगावचं केंद्र परभणी विद्यापीठाकडे आहे.

तिसरी संस्था शेतीबाहेरची आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात सुरू झालं. ग्रामीण भागासाठीच उभारलेलं वैद्यकीय महाविद्यालय ही त्या काळी वेगळी कल्पना होती.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय संस्था मात्र या भागात नाहीत. कापूस आणि संत्र्याची संस्था नागपूरला, द्राक्षाची पुण्याजवळ मांजरीला, कांदा-लसणाची राजगुरुनगरला, डाळिंबाची सोलापूरला. दुष्काळासारख्या ताणांचा अभ्यास करणारी संस्थासुद्धा २००९ मध्ये बारामती तालुक्यात उभी राहिली. या यादीत मराठवाड्यातलं गाव सापडत नाही. त्यामुळे पर्जन्यछायेतल्या बीडच्या शेतीचा भार मुख्यतः राज्याच्या विद्यापीठावर येतो, आणि राज्यातल्या कृषी विद्यापीठांत रिक्त पदांचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत आहे.

संशोधनातून पैसा नेमका कसा येतो?

या प्रश्नाचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५७ मध्ये संकरित मक्याच्या प्रसारावर शोधनिबंध लिहिला. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. मक्याचं संकरित बियाणं आयोवा राज्यात काही वर्षांतच बहुतेक शेतकऱ्यांनी स्वीकारलं. मग अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत ते इतकं उशिरा का पोहोचलं?

दक्षिणेतले शेतकरी जुन्या वळणाचे होते, हे सोपं उत्तर ग्रिलिकेस यांनी पुरेसं मानलं नाही. आयोवाच्या हवामानासाठी तयार झालेलं बियाणं अलाबामात चालतच नव्हतं, हे त्यांनी दाखवलं. प्रत्येक भागासाठी वेगळा वाण तयार करावा लागत होता, आणि जिथे बाजार मोठा तिथे ते काम आधी झालं. नवं बियाणं आपल्या रानात चालतं आणि त्यातून जास्त पैसे सुटतात हे दिसल्यावर शेतकऱ्यांनी ते उचललं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, शेतीचं संशोधन आयात करून जसंच्या तसं वापरता येत नाही. माती, पाऊस आणि रोग बदलले की ते पुन्हा करावं लागतं. दुसरं म्हणजे, गरीब भागासाठी हे काम सगळ्यांत उशिरा होतं, कारण तिथे विकत घेणारा कमी असतो. अशा ठिकाणी सरकारी संस्थेची गरज जास्त असते.

मराठवाड्यातलं याचं चांगलं उदाहरण तुरीचं आहे. परभणी विद्यापीठाच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्रानं ‘बीडीएन ७११’ हा वाण दिला. नावातली अक्षरं बदनापूरचीच. हा वाण साधारण १५० ते १५५ दिवसांत तयार होतो आणि मर व वांझ रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. परतीचा पाऊस दगा देतो अशा भागात तीन-चार आठवडे आधी शेंगा भरणं म्हणजे पीक हाती लागणं. तुरीचं असं बियाणं शेतकरी घरचं राखून पुन्हा पेरू शकतो, त्यामुळे खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. सरकारी केंद्र नसतं, तर हे काम कुणी केलं असतं, हा प्रश्न आहे.

पण वाण देऊन काम संपत नाही. संशोधनाचा पैसा होण्यासाठी एक साखळी लागते: स्थानिक परिस्थितीत टिकणारं तंत्र, ते दर हंगामाला पुरवणारी व्यवस्था, आणि माल घेणारा बाजार. यातली एक कडी निसटली तरी संशोधन अहवालात राहतं. बीडमधली रेशीम आणि सीताफळाची उदाहरणं हा फरक दाखवतात.

रेशीम: साखळी जुळली तेव्हा

बीड आज राज्यातल्या रेशीम कोष उत्पादनात आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे कसं झालं?

याचं एक टोक जुन्या फ्रान्समध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या रेशीम उद्योगाला ‘पेब्रिन’ नावाच्या रोगानं पोखरलं होतं. १८६५ मध्ये सरकारनं लुई पाश्चर यांना त्यावर काम करायला पाठवलं. हा रोग मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो, हे ओळखून पाश्चर यांनी पद्धत बसवली ती अशी: प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवायची, मग ती मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. आज बीडच्या शेतकऱ्याला ‘रोगमुक्त अंडीपुंज’ मिळतात ते याच तपासणीतून गेलेले असतात. एका अंडीपुंजात साधारण ४०० ते ५०० अंडी असतात.

दुसरं टोक म्हैसूरला आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या तिथल्या संशोधन संस्थेनं ‘व्ही-१’ ही भरपूर पाला देणारी तुती दिली. १९९० च्या दशकात जपानच्या सहकार्यानं उष्ण हवामानात टिकतील अशा दुबार जातींवर काम झालं. त्याआधी भारतात बहुतेक पिवळे, कमी धाग्याचे कोष निघत आणि चांगल्या प्रतीचं रेशीम चीनमधून येई. पांढऱ्या दुबार कोषांनी हे चित्र बदलायला सुरुवात केली.

पण म्हैसूरचं तंत्र बीडच्या उन्हाळ्यात जसंच्या तसं चालत नाही. रेशीम कीटकाला २४ ते २८ अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. त्यामुळे शेडनेटचं संगोपनगृह, वर पाचट, बाजूला ओले गोणपाट, फॉगर, उन्हाळ्यात बॅच कधी घ्यायची आणि कधी टाळायची, असे तपशील इथेच बसवावे लागले. परभणी विद्यापीठाच्या रेशीम संशोधन योजनेचं आणि जिल्हा रेशीम कार्यालयांचं काम या टप्प्यावर येतं.

पुढची कडी चॉकीची. अळीच्या पहिल्या दोन अवस्था सगळ्यांत नाजूक असतात. प्रत्येक शेतकऱ्यानं घरी अंडी उबवली तर मरतूक वाढते. त्यामुळे गावागावांत खासगी चॉकी केंद्रं उभी राहिली. शेतकरी तिथून वाढवलेल्या अळ्या नेतो आणि त्याचे आठवडाभराचे कष्ट आणि जोखीम वाचते. या केंद्रांतून काही तरुणांना गावातच धंदा मिळाला.

तरीही एक अडचण मोठी होती. कोष विकायचे कुठे? अनेक वर्षं मराठवाड्यातले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात. सातशे-आठशे किलोमीटरचा प्रवास, वाहनभाडं, मुक्काम, आणि भाव पडला तरी माल परत आणणं अशक्य. २०१८ मध्ये जालन्यात आणि २०२२ मध्ये बीडच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली, तेव्हा ही कडी जोडली गेली. रोजगार हमी योजनेतून तुती लागवडीला आणि संगोपनगृहाला मदत मिळू लागल्यानं सुरुवातीच्या भांडवलाचा प्रश्नही काही प्रमाणात सुटला.

हिशेब काय सांगतो?

एक एकर चांगल्या तुतीवर एका वेळी साधारण २०० अंडीपुंजांची बॅच घेता येते. १०० अंडीपुंजांमागे ६० ते ७० किलो कोष धरले, तर एका बॅचला १२० ते १४० किलो. किलोला ४०० रुपये भाव मिळाला, तर ही रक्कम ४८ ते ५६ हजार होते. भाव वर-खाली होतो, खर्च वजा जातो, एखादी बॅच रोगानं जाते. पण वर्षात चार-पाच बॅच निघतात आणि दर बॅचला हातात पैसे येतात. वर्षातून एकदाच पैसे देणाऱ्या कापूस-सोयाबीनपेक्षा हे गणित वेगळं आहे. शिवाय तुती एकदा लावली की दहा-बारा वर्षं राहते, आणि उसाच्या तुलनेत तिला पाणी बरंच कमी लागतं.

या यशाला मर्यादाही आहे. विहीर-बोअरला थोडंफार पाणी आहे आणि एखादा एकर जमीन मोकळी ठेवता येते, अशा कुटुंबाला रेशीम तारतं. ज्याच्याकडे जमीनच नाही किंवा डोंगरउताराचा कोरडा तुकडा आहे, त्याला यातून फक्त पाला तोडण्याची आणि कोष काढण्याची मजुरी मिळते. कोयता घेऊन जाणाऱ्यांत अशीच कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत.

सीताफळ: साखळी मध्येच अडली तेव्हा

कोरड्या डोंगरउतारासाठीच तर सीताफळ आहे. बालाघाटच्या रांगांत ते आपोआप वाढतं, शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, पाणी कमी लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या भागाला जोडधंदा म्हणून याहून नैसर्गिक पीक शोधून सापडणार नाही.

अंबाजोगाईच्या केंद्रानं त्यावर काम केलं आहे. धारूर भागातल्या झाडांतून निवड करून ‘धारूर-६’ हा मोठ्या फळाचा वाण पुढे आला. छाटणी, बहार धरणं, हातानं परागीभवन, पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त यांची माहिती दिली जाते. म्हणजे पहिली कडी आहे. पुढे काय अडलं?

सगळ्यांत मोठी अडचण फळातच आहे. सीताफळ पिकायला लागलं की दोन-चार दिवसांत संपतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सगळा माल एकदम येतो. शीतगृहात फार थंड ठेवलं तर साल काळी पडते. गर काढून गरम केला तर कडवट होतो आणि रंग बदलतो, त्यामुळे आंब्यासारखा डबाबंद रस करता येत नाही. गर लगेच गोठवावा लागतो. त्यासाठी गर काढण्याचं यंत्र, अतिथंड साठवण आणि खंड न पडणारी वीज लागते.

यावर उत्तर नाही असं नाही. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठानं सीताफळाचा गर काढून टिकवण्याचं तंत्र बसवलं. राजस्थानच्या पाली जिल्ह्यात आदिवासी महिलांच्या गटांनी जंगलातली सीताफळं गोळा करून आइस्क्रीमवाल्यांना गर विकायला सुरुवात केली. तिथेही फळ रानातलंच होतं आणि जमीन कोरडीच होती. पण बायकांचा गट, यंत्र आणि खरेदीदार हे तिन्ही एकत्र आले.

भौगोलिक मानांकनाचंही तसंच. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन एका व्यक्तीचं नसतं, ते त्या भागातल्या उत्पादकांचं असतं. पण ते नाव पेटीवर छापायचं असेल, तर प्रत्येक शेतकऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. प्रतवारी, पेटी, खूण आणि बनावट माल रोखणारी यंत्रणा लागते. ही यंत्रणा नसेल, तर डोंगरातलं फळ व्यापारी टोपलीच्या भावानं उचलतो आणि मानांकनाचं प्रमाणपत्र भिंतीवर राहतं.

दरम्यान, शहरांच्या बाजारात गेल्या काही वर्षांत ज्या सीताफळाचं नाव झालं, ते ‘एनएमके-१ गोल्डन’. हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी निवडीतून विकसित केला. बिया कमी, गर जास्त आणि तोडल्यावर तुलनेनं जास्त दिवस टिकणारं फळ, ही त्याची वैशिष्ट्यं. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण प्राधिकरणाकडे त्याची नोंद झाली. रोपवाटिका आणि बाजार दोन्ही त्यांनी स्वतः उभे केले.

सरकारी केंद्र हरलं आणि शेतकरी जिंकला, असा याचा अर्थ नाही. पण बाजाराला काय हवंय, तर जास्त टिकणारं फळ, हा प्रश्न ज्यानं आधी धरला त्याला त्याचं मोल मिळालं. आणि त्याचा फायदा ओलिताची बाग लावू शकणाऱ्यांना झाला. बालाघाटच्या उतारावरचं गावरान झाड आणि त्याखाली फळं वेचणारी बाई या हिशेबात मागेच राहिली.

जालन्याला जमलं ते कसं?

बीडहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जालना आहे. तिथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. त्याआधी त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीचं बियाणं आपल्या शेतात वाढवलं होतं. म्हणजे सुरुवात सरकारी संशोधनातून झाली आणि एका स्थानिक माणसानं त्याचा धंदा केला. पुढे कंपनीनं स्वतःचं संशोधन उभं केलं. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसामागेही हीच कंपनी होती.

जालना परिसरात त्यानंतर इतर बियाणे कंपन्या आल्या. बीजोत्पादन करणारे शेतकरी, परागीभवनाचं काम करणाऱ्या मजूर बायका, प्रक्रिया केंद्रं, प्रयोगशाळेत काम करणारे पदवीधर असा रोजगार तयार झाला. बीटी कापसाचे फायदे-तोटे आणि गुलाबी बोंडअळीचा पुढचा इतिहास हा वेगळा वाद आहे. पण संशोधनाभोवती एखाद्या गावाची अर्थव्यवस्था कशी गोळा होते, हे पाहायला मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही.

ऊसतोड: जो प्रश्न प्रयोगशाळेत आलाच नाही

बीडच्या अर्थव्यवस्थेचा सगळ्यांत मोठा प्रश्न ऊसतोडीचा आहे. उसावर संशोधन कमी झालेलं नाही. फलटणजवळ पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. पुण्याजवळ मांजरीला १९७५ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. नवे वाण, साखर उतारा, ठिबक, इथेनॉल या सगळ्यांवर काम झालं. हा ऊस ज्याच्या हातानं तुटतो, त्याच्याबद्दल मात्र प्रश्न विचारला गेला तो बराच उशिरा, आणि तोही एका धक्क्यानंतर.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण मोठं असल्याच्या बातम्या आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही, तरी फरक लपणारा नव्हता. खाडा पडला की मुकादमाकडून होणारी कपात, फडात शौचालय नसणं, पाळीच्या दिवसांतलं काम आणि खासगी दवाखान्यांचे सल्ले असे अनेक धागे त्यात होते.

हेही संशोधनच होतं. कागद-पेन घेऊन घरोघर केलेली पाहणी. तिच्यामुळे आकडा समोर आला आणि अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याची अट आली. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय असताना हा आकडा दहा वर्षं आधी समोर यायला हवा होता की नाही, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता याच व्यवसायावर यंत्र येतंय. राज्यात ऊसतोडणी यंत्रांना अनुदान दिलं जातं, आणि २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी अशी योजना मंजूर झाली. ढोबळ हिशेबानं एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. यंत्र दिवसाला शंभर टनांच्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे एक यंत्र साधारण पन्नास कोयत्यांचं काम करतं. लहान फड, ओली जमीन आणि अरुंद सरी यांमुळे यंत्र सगळीकडे चालत नाही. त्यामुळे बदल एका रात्रीत होणार नाही. पण दिशा ठरलेली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपये झाला. दोन टनांचे ७३२ रुपये, दोघांत मिळून. मजुरांसाठी ही मोठी वाढ होती. कारखान्याच्या हिशेबात मात्र प्रत्येक वाढीबरोबर यंत्र थोडं अधिक परवडायला लागतं.

थोडक्यात, उसाच्या यंत्राचं संशोधन झालं ते कारखान्याचा प्रश्न सोडवण्यासाठी. ज्या जिल्ह्याचा रोजगार त्यामुळे जाणार आहे, त्यानं पुढे काय करायचं, यावरचं संशोधन कुणाच्या कामाच्या यादीत आहे?

कौशल्य केंद्र आणि रेल्वेनं फरक पडेल का?

गेल्या काही काळात बीडमध्ये दोन गोष्टी घडल्या. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि जिल्ह्याचं ठिकाण पहिल्यांदा रेल्वेनं जोडलं गेलं. त्याच वर्षी टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्यानं तरुणांना आधुनिक कौशल्यं शिकवणारं केंद्र बीडमध्ये उभारण्याची घोषणा झाली.

दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत. पण प्रशिक्षण आणि संशोधन एकच नाही. प्रशिक्षणातून तरुणाला दुसरीकडे तयार असलेलं काम करता येतं. ते काम जिल्ह्यात नसेल, तर तो पुण्याला जातो. हे वाईट नाही, फडावर जाण्यापेक्षा बरंच चांगलं आहे. पण त्यातून बीडची अर्थव्यवस्था वाढेलच असं नाही. रेल्वेचंही तसंच. नाशवंत मालासाठी थंड डबा आणि स्थानकाजवळ साठवण असेल, तर ती सीताफळाला मुंबई-पुणे जवळ करील. नसेल, तर ती मुख्यतः माणसं बाहेर नेईल.

पुढे काय पाहायचं?

बीडच्या उदाहरणांवरून कोणत्याही जिल्ह्यातल्या संशोधन संस्थेला विचारता येतील असे काही प्रश्न तयार होतात.

पहिला, प्रश्न कुणाचा घेतला आहे? ओलिताच्या बागायतदाराचा की कोरडवाहू आणि भूमिहीन कुटुंबाचा? सीताफळाच्या बाबतीत नवा वाण जितका महत्त्वाचा, तितकंच डोंगरातल्या फळाचा गर गावात गोठवण्याचं स्वस्त यंत्र महत्त्वाचं.

दुसरा, तंत्र तयार झाल्यावर ते पुरवणार कोण? रेशमात चॉकी केंद्रांनी ही जागा भरली. सीताफळात रोपवाटिका, महिला गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी ती भरू शकते. संस्थेच्या कामाचं मोजमाप किती शोधनिबंध आणि किती प्रशिक्षणं यावर होत राहिलं, तर या कामाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

तिसरा, बाजार किती लांब आहे? रामनगर ते बीड हे अंतर मिटलं तेव्हा रेशीम वाढलं. ते काम शास्त्रज्ञाचं नव्हतं, बाजार समितीचं आणि सरकारचं होतं. संशोधन संस्था एकटी जिल्हा बदलू शकत नाही, हे त्यातून दिसतं.

आणि चौथा, मोजणी कोण करतंय? दरवर्षी नेमकी किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, यंत्र आल्यापासून किती जणांना उचल मिळाली नाही, रेशीम घेतलेल्या किती घरांनी कोयता सोडला, याचे आकडे दरवर्षी गोळा झाले, तर कोणती योजना चालते आणि कोणती नाही, हे कळेल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जिल्ह्यातली महाविद्यालयं, वैद्यकीय महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्रं मिळून हे काम करू शकतात.

२०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा होता. त्यानंतरच्या प्रत्येक वाटाघाटीत कारखान्यांच्या बाजूला यंत्राचा पर्याय आधीपेक्षा भक्कम असणार आहे. मजुरांच्या बाजूला दुसरं काम असेल की नाही, हे बऱ्याच अंशी अंबाजोगाई, परभणी आणि बीडमध्ये मधल्या वर्षांत काय उभं राहतं यावर ठरेल.